दादाच्या दंडावरच्या दोन टाक्यांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक जलतरण तलाव,
कार्यालय (तिकीट खिडकीमागची खोली)

दिनांक : १८ मार्च, मंगळवार

विषय : सभासद क्र. ४१८ (माझा मोठा भाऊ) यांना त्वचेच्या कारणावरून तलावात मज्जाव करणारी सूचना मागे घेणे, आणि त्यापायी आपण स्वतः काय काय करावे याबाबत.

संदर्भ : (१) आपली सूचना, दि. २५ जानेवारी.
(२) माझे अर्ज, दि. ६ व १७ फेब्रुवारी. उत्तर नाही.
(३) क्रीडा अधिकारी कार्यालयाचा शेरा, दि. १० मार्च : "संबंधिताकडे द्यावे."

महोदय,

सर्वप्रथम एक प्रश्न. तलावात उतरण्यापूर्वी आपण शेवटची आंघोळ केव्हा केली होती?

हा प्रश्न माझ्या तीन मैत्रिणींचा आहे. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तो विचारायची माझी छाती होणार नाही, अशी त्यांची पैज होती. हरल्या तर आठवडाभर माझे दप्तर त्या उचलणार. आता उचलतील. परंतु प्रश्नामागे कारण आहे आणि ते मुद्दा क्र. ७ मध्ये येईल, तेव्हा कृपया अर्ज इथेच फाईलला लावू नये.

आपल्याविरुद्धचा अर्ज आपल्यालाच का, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते. मी तो वरच्या कार्यालयात दिला होता. त्यांनी दोन आठवडे ठेवून घेतला आणि संबंधिताकडे द्यावे असा शेरा मारून परत केला. संबंधित आपण आहात. म्हणून मी आपली तक्रार आपल्याकडे करत आहे आणि आपण आपल्यावर कडक कारवाई कराल अशी आशा बाळगते.

१. मी सभासद क्र. ४१७, इयत्ता नववी. आपण मला ओळखता. प्रवेशद्वारापाशी पदकासह जो फोटो लावला आहे तो माझा, आणि त्यात माझ्या खांद्यावर ज्यांचा हात आहे ते आपण. सभासद क्र. ४१८ माझा दादा, वय चोवीस. आमचे अर्ज एकाच दिवशी, एकाच पेनने भरले होते, म्हणून क्रमांक लागून आहेत. मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर स्पर्धेच्या सरावाला येते. तो सकाळी सहाच्या बॅचला येत असे, भिंतीकडच्या शेवटच्या मार्गिकेत, चाळीस फेऱ्या. दादाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला. औषधे वेळेवर चालू आहेत. वजन वाढले, हात थोडे थरथरतात, कॉलेज सुटले, मित्र सुटले. पोहणे सुटले नव्हते. "पाण्यात डोकं घातलं की सगळे आवाज कमी करतात," असे तो म्हणतो. सगळे म्हणजे त्याला ऐकू येणारे, आपल्याला न येणारे. दिवसातली पन्नास मिनिटे त्याला ही शांतता मिळे आणि तेवढ्यावर तो बाकीचा दिवस काढत असे.

२. दि. १२ डिसेंबर रोजी दादाने स्वतःच्या मर्जीने मोठ्या रुग्णालयातील प्रयोगशाळेला डाव्या दंडावरचा मसुराच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा दिला. दोन टाके पडले. त्वचाच का, तर जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून बघता येत नाही, त्वचेचा येतो, आणि आईवडिलांकडून आलेला वारसा दोन्हींत तोच असतो. तुकड्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात. त्या बशीच्या तळाला बारीक बारीक पकडींनी धरून राहतात आणि धरत-सोडत पुढे सरकतात. पुस्तकात याला आसंजन म्हणतात, मी पकड म्हणते. मेंदू घडत असतो तेव्हा तिथल्या पेशींनाही असेच धरत-सोडत आपापल्या जागी पोचावे लागते, म्हणून संशोधकांना या पकडीत एवढा रस आहे. हा आजार असलेल्या लोकांच्या पेशींच्या पकडीत, सरासरीने पाहता, थोडा फरक आढळला आहे. तो मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, रंग लागतात आणि पुष्कळ माणसांच्या पेशी लागतात. एकाच माणसाच्या पेशी बघून त्याला आजार आहे की नाही हे प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनाही सांगता येत नाही. नुसत्या डोळ्यांनी दंडाकडे बघून तर कोणालाच नाही, तिकीट खिडकीतूनही नाही.

३. आता माझी चूक. ती मीच लिहिते, म्हणजे आपल्याला शोधायचे कष्ट नकोत. या विषयावर मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला. पहिला नंबर आला. बक्षिसाने माझे पाय जमिनीवर राहिले नव्हते, त्यामुळे तो तक्ता सगळ्या गावाने बघावा असे मला वाटले आणि २० जानेवारीला आपल्या परवानगीने मी तो तलावाच्या सूचना फलकावर लावला. टाचण्या आपणच दिल्यात. "वा, आता शास्त्रज्ञ पण का," असेही म्हणालात. तक्त्यावर लाल अक्षरांत मथळा होता : "रुग्णांच्या त्वचेची पकड सैल!" तो चुकीचा होता. संशोधक बाईंनी मला सांगितले होते की फरक सरासरीचा असतो, बशीतल्या पेशींचा असतो, 'सैल' हा शब्द तर वापरूच नकोस. पण 'सरासरीने थोडा फरक' लाल अक्षरांत चांगला दिसत नव्हता. मथळ्याखाली टाक्यांचा फोटो होता आणि फोटोखाली मी लिहिले होते, 'माझ्या दादाचा दंड'. त्याबद्दल मी दादाला विचारले नव्हते. त्याला आवडेलच असे धरून चालले होते.

४. २४ जानेवारीला सकाळच्या बॅचचे एक सभासद, पहिल्या मार्गिकेत छातीवर (ब्रेस्टस्ट्रोक) पोहणारे निवृत्त गृहस्थ, टॉवेल गुंडाळून तो तक्ता वाचत उभे राहिले. पुढचे बोलणे जीवरक्षक काकांनी ऐकले. त्यांनी ते मला सांगितले आहे. त्यांना त्रास झाला तर मी अजून एक अर्ज करीन.

"अहो, ह्या मुलाच्या कातडीची पकडच सैल आहे. म्हणजे पाण्यात सुटत असणार सगळी. आणि तेच पाणी आपल्या तोंडात जातं."

"हो की. माझ्या लक्षातच आलं नाही," आपण म्हणालात. "तुम्ही लिहून द्या, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की त्वचाविकार असलेल्या सभासदांनी तलावात उतरू नये आणि सभासद क्र. ४१८ यांचा प्रवेश पुढील आदेशापर्यंत बंद. माझा तक्ता आपण काढला नाही. सूचना त्याच्या शेजारी लावलीत, पुरावा म्हणून.

महोदय, पाण्यात कातडी सगळ्यांची सुटते. वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो रोज झडतो, माझा, आपला, छातीवर पोहणाऱ्यांचा. गाळणी त्यासाठीच बसवली आहे. प्रयोगशाळेतल्या पेशी आतल्या थरातल्या आणि त्यांची पकड मोजली जाते ती काचेवर. दादाच्या अंगावर ना डाग, ना खाज, ना खपली. दोन टाक्यांची एक बारीक रेघ आहे, तांदळाएवढी. ती बरी झाल्याचा कागद दाखवूनच तो जानेवारीत पाण्यात उतरला होता.

५. त्यानंतर जे झाले ते मला ५ फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हते. फलक पुढच्या फाटकाशी आहे आणि संध्याकाळच्या सरावाला आम्ही मागच्या फाटकाने येतो. दादा रोज सकाळी पावणेसहाला पिशवी घेऊन निघायचा आणि सातला ओल्या केसांनी परत यायचा. मी दात घासताना विचारायची, "किती?" तो म्हणायचा, "चाळीस." असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी संध्याकाळी जीवरक्षक काका मला म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, बाहेरच्या नळाचं पाणी फार गार असतं, सर्दी होईल."

तो तलावाच्या फाटकाशी यायचा, सूचना वाचायचा, तासभर समोरच्या बाकावर बसायचा आणि निघताना सायकल स्टँडच्या नळाखाली डोके भिजवायचा. मला कळू नये म्हणून. तक्ता माझा होता ना. मी विचारल्यावर म्हणाला, "तुला पहिलं बक्षीस मिळालंय, त्यात कुठे मिठाचा खडा टाकू." त्या दिवसापासून त्याने पिशवी भरणे बंद केले. आज सूचनेला बावन्न दिवस झाले. ५ फेब्रुवारीपासून तो आपणहून घराबाहेर पडलेला नाही. गोळ्यांना आणि डॉक्टरांकडे जायलासुद्धा आता त्याला उठवावे लागते.

६. मी स्वस्थ बसले नाही. ६ फेब्रुवारीच्या अर्जासोबत त्वचारोगतज्ज्ञांचा दाखला जोडला : त्वचा निरोगी. आपण तो उलटा करून मागची बाजू पाहिलीत आणि म्हणालात, "हा कातडीचा झाला. त्याचा आजार डोक्याचा आहे. डोक्याचा आणा." १७ फेब्रुवारीला मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला आणला : पोहण्यास हरकत नाही, उलट फायदा आहे. आपण म्हणालात, "पण नियम त्वचेचा आहे. हा डोक्याचा दाखला मी कुठल्या नियमाला लावू?" मी दोन्ही दाखले एकाला एक टाचून पुढे केले. आपण म्हणालात की टाचलेली कागदपत्रे स्वीकारत नाही. टाचणी काढली, तर जेवणाची सुट्टी झाली.

७. म्हणून मी नियम वाचायला घेतले. तलावाच्या नियमावलीत त्वचेचा दाखला प्रत्येक सभासदाने दरवर्षी द्यायचा आहे (नियम ९). कार्यालयात विचारले असता असा एकही दाखला जमा नाही असे कळले. आपला तर नाहीच. नियम ११ सांगतो की पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करावी. मी आणि माझ्या मैत्रिणींनी २० फेब्रुवारीपासून सलग अकरा दिवस सकाळी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून नोंद ठेवली. अकराच का, ते मुद्दा क्र. ५ वरून आपल्या लक्षात आले असेल. आपण रोज सहा चाळीसला पहिल्या मार्गिकेत उतरता. अकरापैकी दोन दिवस आपण शॉवरखाली उभे राहिलात, त्यातल्या एका दिवशी शॉवर बंद होता. टाचांच्या भेगांना आपण लावता ते पिवळे मलम उतरल्यावर पाण्यावर तरंगते, साधारण ताटलीएवढे, आणि भिंतीच्या दिशेने जाते. चौथ्या दिवशी आपण काठावर बसून नखे कापलीत. हे सर्व वेळेसह वहीत आहे. वहीच्या दोन प्रती आहेत.

पहिल्या मार्गिकेतल्या गृहस्थांबद्दलही इथे एक ओळ होती. अर्ज देण्यापूर्वी मी दादाला वाचायला दिला (या वेळी विचारले). तो म्हणाला, "त्यांच्या कोपराचं लिहू नकोस. त्यांनी माझ्या दंडाचं लिहिलं, तेच तू करतेयस." मी म्हटले, मला तेच करायचंय. तो म्हणाला, "कर, पण माझ्या नावावर नको." त्याच्या सांगण्यावरून ती ओळ मी खोडली आहे. कागद उजेडात धरल्यास वाचता येते. आपल्या मलमाबद्दल त्याने काही म्हटले नाही, उलट पहिल्यांदाच हसला, म्हणून ते ठेवले आहे. आपल्यासाठी वापरलेली दोन विशेषणे मात्र त्याने काढायला लावली.

८. गेल्या मंगळवारी मी दादाची फाईल बघायला मागितली. आपण कोठे तरी गेला होतात आणि कारकून मावशींनी मला ती सरळ हातात दिली. तिच्यात एक हमीपत्र आहे, दि. २५ जानेवारी : "आमचा मुलगा यापुढे तलावावर येणार नाही, याची आम्ही हमी देतो." खाली माझ्या बाबांची सही आणि आईची सही. म्हणजे ज्या दिवशी सूचना लागली त्याच दिवशी आपण त्यांना बोलावलेत, समोर कागद ठेवलात आणि त्यांनी सह्या केल्या. मी अर्जावर अर्ज करत होते आणि ते दोघे जेवताना माझे ऐकून घेत होते.

घरी विचारले. बाबा म्हणाले, "चारचौघांत शोभा नको होती. ते म्हणत होते, नाहीतर नावासकट कारण फलकावर लिहावं लागेल." आई म्हणाली, "तो घरी असला की डोळ्यांसमोर असतो गं." मग दोघेही माझ्याकडे बघायचे थांबले. दादा शेजारच्या खोलीत होता, दार उघडे होते.

आईबाबांना भीती घालून आपण तो कागद घेतलात, हे मी विसरणार नाही. पण कायद्याचा मुद्दा असा की दादा सज्ञान आहे. हमीपत्रावर त्याची सही नाही. त्याला कोणी विचारलेच नाही, आपण नाही, त्यांनी नाही आणि तक्त्याच्या वेळी मीही नाही. तेव्हा तो कागद रद्दीत घालावा.

९. माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सूचना आजच काढावी. तिच्या जागी, तेवढ्याच आकाराच्या कागदावर, त्याच टाचण्यांनी, आपल्या सहीचा माफीनामा लावावा आणि तो बावन्न दिवस ठेवावा. पाऊस आला, कागद भिजला, तर दुसरा लावावा. मुद्दा क्र. २ आपण स्वतःच्या अक्षरांत उतरवून काढावा आणि एका सकाळी सहाच्या बॅचसमोर, शिट्टी वाजवून सगळ्यांना काठावर आणून, मोठ्याने वाचावा. 'आसंजन' अडखळल्यास पुन्हा पहिल्यापासून. नियम ९ खालचे दाखले आजपासून सर्व सभासदांकडून घ्यावेत आणि सुरुवात आपल्यापासून करावी. तोवर पहिली मार्गिका बंद ठेवावी.

आणि शेवटची मागणी, जिच्यावर मी अडून राहणार आहे. आपण अकरा दिवस रोज सकाळी पावणेसहाला पिशवी घेऊन घरातून निघावे. फाटकाशी येऊन आपलाच माफीनामा वाचावा. समोरच्या बाकावर तासभर बसावे, आत लोक पोहत असल्याचा आवाज तिथे नीट ऐकू येतो. मग सायकल स्टँडच्या नळाखाली डोके भिजवावे आणि घरी जावे. आपल्या मुलीने "किती?" विचारले, तर "चाळीस" म्हणावे. ती माझ्याच शाळेत सातवीत आहे. तिच्याशी माझे काही भांडण नाही आणि तिला मी काही सांगणार नाही. आपणच सांगावे.

१०. येत्या रविवारी, २३ मार्चला, आपल्या तलावावर आंतरशालेय स्पर्धा आहे. निमंत्रणपत्रिकेवर आपल्या नावाखाली माझ्या गेल्या वर्षीच्या वेळेचा उल्लेख आहे, मिनिट-सेकंदांसह. पाहुणे ती बघायला येणार आहेत असे कळते. तरी आपल्याला कळवण्यात येते की माझी, म्हणजे तिसरी, मार्गिका रिकामी राहील. कारण वैद्यकीय आहे आणि त्वचेचे आहे. संशोधनासाठी रुग्णांइतक्याच त्यांच्या निरोगी भावंडांच्या पेशीही लागतात, तुलनेला. मी विचारून आले. टाके पडल्यावर जखम सुकेपर्यंत निदान दोन आठवडे पाण्यात जाता येत नाही. संशोधक बाईंनी विचारले, "रागाने येतेयस का?" मी म्हटले, थोडीशी. त्या म्हणाल्या, "मग घरी जाऊन विचार कर. राग गेल्यावरही यावंसं वाटलं तर ये." मी सहा दिवस विचार केला. राग तेवढाच आहे आणि यावेसेही तेवढेच वाटते. त्यांना मी तसेच सांगितले. त्यांनी गुरुवारची वेळ दिली, आईवडिलांची सही आणण्याच्या अटीवर.

पाहुण्यांनी मी कुठे आहे असे विचारल्यास हा अर्ज दाखवावा. मी पायऱ्यांवर बसलेली असेन, दंडाला पट्टी बांधून, पहिल्या रांगेत.

पोच द्यावी. पोच मिळाल्याशिवाय मी खिडकीसमोरून हलणार नाही, आणि आज जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ आहे.

आपली, या कागदापुरती नम्र,

(सही)
सभासद क्र. ४१७, इयत्ता नववी

वाचले. मुद्दा ९ मधले अकरा दिवस फार होतात, तीन पुरे.
(सही) सभासद क्र. ४१८

(त्याचे म्हणणे नोंदवले. अकराच. — ४१७)

सोबत : (१) दोन्ही दाखले, न टाचता. (२) नोंदवहीची प्रत, पाने २२. (३) दुरुस्त केलेला तक्ता. मथळा : "सरासरीने थोडा फरक". दंडाचा फोटो काढून टाकला आहे. (४) पदकाचा फोटो, प्रवेशद्वारावरचा, मी काढून आणलेला. माझा अर्धा भाग मी ठेवला आहे, आपला परत करत आहे.

प्रत माहितीसाठी : (१) क्रीडा अधिकारी. संबंधिताकडे आधीच दिला आहे, पुन्हा देऊ नये.
(२) संशोधक बाई.
(३) आई आणि बाबा.

आई, बाबा, तुम्ही हा अर्ज शेवटून वाचायला घ्याल हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते. मी ठरवलंय. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी कातडीचा तुकडा द्यायला जाणार आहे, दादा सोबत येतो म्हणालाय, म्हणजे सहा आठवड्यांनी तो आपणहून घराबाहेर पडेल. स्पर्धेत मी उतरणार नाही, त्यावर बोलू नका. संमतीपत्र फ्रिजच्या दारावर लावलंय, दादाच्या गोळ्यांच्या तक्त्याशेजारी, आणि तुमच्या सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या केल्यात. एक सही तुम्ही आम्हाला न विचारता केलीत. ही विचारून मागतेय. जखम सुकली की आम्ही दोघं सकाळी सहाच्या बॅचला जाणार, एकाच वेळी, एकाच फाटकातून. तेव्हा दोघांच्या डाव्या दंडावर तांदळाएवढी तीच रेघ असेल. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला अडवायचं, ते अधीक्षकांनी आमच्या समोर उभं राहून ठरवावं.